दोन बिलं, एकच खड्डा

जगभर ऑफिसं असलेल्या कंपनीच्या नेटवर्कचा आराखडा बहुतेक वेळा फार देखणा असतो. मधे दोन ढग, एक निळा, एक केशरी. पुणे, सिंगापूर, फ्रँकफर्ट, न्यू जर्सी, प्रत्येक ठिकाणाहून दोन्ही ढगांकडे एकेक रेघ. निळा म्हणजे पहिला प्रोव्हायडर (लिंक पुरवणारी टेलिकॉम कंपनी), केशरी म्हणजे दुसरा. एक पडला तर दुसरा आहेच. खरेदी विभाग खूश, ऑडिटर खूश. या चित्रात जमीन तेवढी नसते. कागदावर रेघा एकमेकींपासून वीतभर लांब दिसतात, आणि मातीखाली त्या कुठून जातात हे चित्र काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

१८ जुलै २००१ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात एक मालगाडी घसरून पेटली. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. बोगदा रेल्वेचा, पण त्यातून अनेक टेलिकॉम कंपन्यांची फायबर गेलेली होती. रेल्वेची वाट आयती सापडते, शहरभर खोदाईची परवानगी मागत फिरावं लागत नाही, म्हणून सगळ्यांनी तीच धरलेली. बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांच्या तारा एकाच आगीत होरपळल्या. वाइड एरिया नेटवर्क (दूरदूरची ऑफिसं जोडणारं जाळं) आखणाऱ्याने ही घटना टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावी.

दुसरी लिंक मंजूर होते ती एका गणितावर. एक लिंक ९९.५ टक्के वेळ चालू राहते असं धरलं तर ती वर्षाला साधारण ४४ तास बंद असते. अशा दोन लिंक घेतल्या आणि त्यांच्या पडण्याचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षाला फक्त १३ मिनिटं येते. गणितात चूक नाही. पण 'काही संबंध नसेल' ही अट दुसऱ्या बिलाबरोबर आपोआप येत नाही. दोन्ही तारा एकाच डक्टमध्ये (जमिनीखालच्या नळीत) असतील तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. खड्डा सापडणं, स्प्लायसिंगची गाडी येणं, एकेक धागा जोडणं यात आठ तास गेले, तर एका दिवसात छत्तीस वर्षांचा कोटा संपला.

तारा एकत्र येण्याच्या जागा ठरलेल्या असतात. सगळ्यात घट्ट गाठ असते ती शेवटच्या काही किलोमीटरांत, आणि आखणीत सगळ्यात कमी वेळ दिला जातो तोही तिथेच. जागतिक प्रोव्हायडर जगभर असतो हे अर्धसत्य आहे. त्याचे पॉप, म्हणजे नेटवर्कची स्थानिक केंद्रं, असतात मुंबईत, चेन्नईत, सिंगापुरात. चाकणच्या कारखान्याच्या गेटपासून जवळच्या पॉपपर्यंतची तार बहुधा त्याची नसते. तो ती स्थानिक ऑपरेटरकडून भाड्याने घेतो. दुसरा जागतिक प्रोव्हायडरही फीझिबिलिटी काढतो (तार कशी पोचवता येईल ते पाहतो) आणि त्या पट्ट्यात ज्याची फायबर आहे त्याच ऑपरेटरकडे जातो. दोन करार, दोन अकाउंट मॅनेजर, तक्रारीचे दोन डॉकेट नंबर, आणि खाली एकाच केबलमधले दोन धागे.

म्हणून प्रत्येक साइटसाठी, करारावर सही होण्याआधी, दोन्ही प्रोव्हायडरना लेखी विचारावं: लास्ट माइल (साइटपर्यंतची शेवटची तार) तुमची की भाड्याची? भाड्याची असेल तर कुणाची? कोणत्या पॉपवर उतरते, त्याचा पत्ता काय? इमारतीत कुठून शिरते? आणि मार्गाची केएमझेड फाइल, म्हणजे नकाशावर उघडता येणारी तारेची वाट. शेवटची मागणी ऐकली की विक्रीवाल्यांचा चेहरा उतरतो. 'सुरक्षेच्या कारणास्तव' देता येत नाही असं सांगितलं जातं. गोपनीयतेच्या करारावर सही केली की ती बहुतेकदा मिळते. मात्र ती ऑर्डरच्या आधी मागावी, नंतर मागणाऱ्याला कुणी दाद देत नाही. दोन्ही फाइली एकाच नकाशावर उघडायच्या आणि रस्त्याच्या एकाच बाजूने जाणारे तुकडे लाल करायचे. नदीवरचे पूल आणि रेल्वे क्रॉसिंग खास तपासावेत. शहरात दहा रस्ते असले तरी नदी ओलांडायला पूल दोनच असतात, आणि पाण्याच्या पाइपापासून फायबरपर्यंत सगळे त्याच कठड्याला लटकलेले असतात.

नकाशा स्वच्छ निघाला तरी इमारत उरते. दोन तारा दोन रस्त्यांवरून येऊन कंपाउंडच्या आत एकाच चेंबरमध्ये शिरतात, एकाच शाफ्टमधून वर चढतात आणि तळघरातल्या एकाच खोलीत, प्रोव्हायडरच्या मक्सवर, म्हणजे तार उतरवून घेणाऱ्या यंत्रावर, संपतात. तो मक्स कुठल्या विजेवर आहे हे सहसा कुणी पाहिलेलं नसतं. डेटा सेंटर यूपीएसवर, जनरेटरवर. आणि तळघरातला मक्स साध्या सॉकेटवर. वीज गेली की सर्व्हर चालू आणि लिंक डाउन. दोन्ही मक्स एकाच बोर्डावर असतील तर दोन्ही लिंक डाउन. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरतं ही गोष्ट महाराष्ट्रात तरी वेगळी सांगायला नको. एक मक्स वरच्या मजल्यावर, वेगळ्या यूपीएसवर ठेवायला इमारतीच्या मालकाला राजी करणं, हे राऊटरवरच्या कुठल्याही कमांडपेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे.

दुसरी वाट जमिनीखालून मिळतच नसेल तर गच्चीवरून आरएफ (रेडिओ) लिंक घ्यावी. जेसीबी तिला काही करू शकत नाही. तिचे शत्रू वेगळे: दहा गिगाहर्ट्झच्या वर जोरदार पाऊस सिग्नल खातो, आणि लायसन्स न लागणाऱ्या पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांची गर्दी असते. फोरजी-फाइव्हजीचा राऊटर तिसरा आधार म्हणून चांगला. फक्त समोरच्या टॉवरपर्यंत जाणारी फायबर आपल्याच तुटलेल्या केबलमधली नाही ना, तेवढं विचारून घ्यावं.

आणि हे सगळं एकदा तपासून भागत नाही. प्रोव्हायडर आपली सर्किट्स (ग्राहकांना दिलेल्या लिंक) हलवत असतात. जुना मार्ग महाग पडतो, जुनं यंत्र काढायचं असतं, रात्रीच्या मेंटेनन्समध्ये सर्किट दुसऱ्या रिंगवर जातं. ग्राहकाला जाणवतं फार तर दोन मिलिसेकंदांचा फरक. वेगळेपणाची अट करारात लेखी असली, मार्ग बदलण्यापूर्वी नोटीस द्यावी असं कलम असलं आणि दरवर्षी केएमझेड नव्याने मागितली, तरच ती अट जिवंत राहते. कंपन्याही विकल्या जातात. ग्लोबल क्रॉसिंग २०११ मध्ये लेव्हल थ्रीने घेतली, लेव्हल थ्री २०१७ मध्ये सेंच्युरीलिंकने, आणि तिचंच नाव पुढे लुमेन झालं. २०१० मध्ये कुणी ग्लोबल क्रॉसिंग आणि लेव्हल थ्री असे दोन स्वतंत्र प्रोव्हायडर निवडले असतील, तर २०११ संपेपर्यंत काहीही न करता त्याच्याकडे एकच प्रोव्हायडर उरला होता.

समुद्रात चित्र मोठं होतं, गाठ तीच राहते. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या केबल अरबी समुद्र ओलांडतात, बाब-एल-मंदेबच्या चिंचोळ्या तोंडातून तांबड्या समुद्रात शिरतात, इजिप्तची जमीन पार करतात आणि भूमध्य समुद्रात उतरतात. सी-मी-वी ४, आयमीवी, एएई-१, युरोप इंडिया गेटवे: नावं वेगळी, मालकांचे गट वेगळे, दार एक. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची बँडविड्थ एका झटक्यात मोठ्या प्रमाणात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात हल्ल्यात सापडलेल्या रुबीमार जहाजाचा नांगर तळाशी फरफटत गेला. एएई-१, युरोप इंडिया गेटवे आणि सीकॉमच्या केबल निकामी झाल्या. युद्धक्षेत्रात दुरुस्तीच्या जहाजाला परवानगी मिळायलाच महिने गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयमीवी तुटल्या.

म्हणून मुंबई ते फ्रँकफर्ट अशा दोन लिंक दोन प्रोव्हायडरकडून घेताना दोघांना केबलचं नाव विचारावं लागतं, आणि ते नाव ऑर्डर फॉर्मवर उतरवून घ्यावं लागतं. दोघांनी वेगळी नावं सांगितली तरी दोन्ही केबल त्याच समुद्रातून जाणार हे धरून चालावं. खरी दुसरी वाट पूर्वेची: चेन्नई किंवा मुंबईहून सिंगापूर, तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिका, मग अटलांटिक. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद. मुंबई ते लंडन पश्चिमेने साधारण ११० ते १३० मिलिसेकंद. पूर्वेने जगाला वळसा घातला तर ३०० च्या पुढे. या आकड्याशी वाटाघाट होत नाही. कुठलं ॲप्लिकेशन ३०० मिलिसेकंदांवर चालेल आणि कुठलं कोलमडेल, हे केबल तुटायच्या आधी तपासून ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

कोलमडण्याची कारणं बहुधा दोनच. पहिलं, बोलघेवडी ॲप्लिकेशन्स. एक फाइल उघडायला सर्व्हरशी तीनशे वेळा संवाद करणारा प्रोग्रॅम ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) चटकन उघडतो. २०० मिलिसेकंदांच्या लिंकवर त्याला पूर्ण मिनिट लागतं, आणि बँडविड्थ दुप्पट केली तरी मिनिटच लागतं. दुसरं, टीसीपी या डेटा पोचवण्याच्या पद्धतीची विंडो, म्हणजे पोच मिळण्याआधी किती डेटा पाठवता येतो ती मर्यादा. जुन्या प्रोग्रॅममध्ये बफर ६४ केबीवर बांधलेला असेल तर २०० मिलिसेकंदांवर एका कनेक्शनला सुमारे २.६ एमबीपीएसपेक्षा जास्त मिळतच नाही, मग लिंक शंभरची असो की हजाराची. त्यात हजारात एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवू लागलं तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा वेग मोठ्या विंडोनेही सव्वादोन एमबीपीएसच्या आसपास अडकतो. 'शंभर एमबीपीएस घेतली पण मिळत नाही' या तक्रारीमागे अनेकदा प्रोव्हायडर नसतोच.

एमटीयूचं (लिंकवर मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचं) दुखणं याहून फसवं. इंटरनेट लिंकवर आयपीसेकची (एन्क्रिप्शनची) टनेल टाकली की पंधराशे बाइटांच्या पॅकेटला जागा पुरत नाही. वाटेत कुठल्यातरी फायरवॉलवर आयसीएमपीचे (नेटवर्कच्या आपसातल्या सूचनांचे) त्रुटीचे निरोप बंद असतील तर 'पॅकेट मोठं आहे' हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. पिंग चालतं, लॉगिनचं पान उघडतं, मोठी फाइल मात्र अडकते. टनेलचा एमटीयू १४०० आणि एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) १३६० ठेवला की बहुतेक ठिकाणी शांतता होते. निळ्या लिंकवर चालणारं केशरीवर का अडतं, याचा शोध दोन दिवस चालतो तो बहुधा याच कारणाने.

आता बीजीपी, म्हणजे राऊटर एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत. फेलओव्हर (एक वाट पडली की दुसरीवर जाणं) 'आपोआप' होतो, पण किती वेळात? होल्ड टाइम (गप्प झालेल्या शेजारी राऊटरला मेलेला मानण्याआधी थांबायचा वेळ) सिस्कोवर मुळात १८० सेकंद, जुनिपरवर ९०. मधल्या स्विचमुळे पोर्ट डाउन दिसलं नाही, तर राऊटर तीन मिनिटं मेलेल्या वाटेवर पॅकेट ढकलत राहतो. प्रोव्हायडर तयार असेल तर बीएफडी (शेजारी राऊटर जिवंत आहे का हे सतत विचारणारा प्रोटोकॉल) लावावं: दर ३०० मिलिसेकंदांना एक हाक, तीन चुकल्या की बाद, म्हणजे एका सेकंदाच्या आत निर्णय. आरएफ लिंकवर एवढी घाई नको, नाहीतर सरींबरोबर लिंक फ्लॅप होत (पडत-उठत) राहते. पण बीएफडीसुद्धा फक्त आपल्या राऊटरपासून प्रोव्हायडरच्या पहिल्या राऊटरपर्यंत पाहतं. त्याच्या मागे गाभ्यात बिघाड असेल तर बीजीपीचं सेशन उभं, रूट (वाटेची नोंद) टेबलात, आणि पॅकेट विहिरीत. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःचे प्रोब (चाचणीची पॅकेट) सोडावे लागतात, आणि एसडी-वॅनचा (सॉफ्टवेअरने चालवलेल्या वाइड एरिया नेटवर्कचा) खरा फायदा हाच. तो दर काही सेकंदांनी लॉस (हरवलेली पॅकेट), जिटर (वेळेतला चढउतार) आणि विलंब मोजतो आणि दोन टक्के पॅकेट हरवू लागले की व्हॉइस दुसरीकडे वळवतो. तार तुटलेली नसते, पण माणसं 'हॅलो, हॅलो' करत असतात, ही अवस्था साध्या बीजीपीला दिसत नाही. मात्र एसडी-वॅन जमिनीत नवी फायबर घालत नाही. एकाच डक्टमधल्या दोन लिंकवर तो चढवला तर खड्डा पडल्यावर डॅशबोर्ड फक्त सुंदर लाल होतो.

दोन ढगांना जोडलेल्या साइटचा आणखी एक धोका असतो. छोट्या शाखेने निळ्या ढगाकडून मुख्यालयाचा रूट शिकला आणि केशरी ढगाला सांगून टाकला. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. मुख्यालयाची केशरी लिंक पडते त्या दिवशी केशरी ढगातली सगळी ऑफिसं मुख्यालयाकडे त्या शाखेच्या वीस एमबीपीएसमधून जाऊ लागतात. हेच इंटरनेटवर २४ जून २०१९ ला घडलं, तेव्हा जगातल्या मोठमोठ्या साइट्सची वाहतूक पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलाद कंपनीच्या नेटवर्ककडे वळली होती. उपाय कंटाळवाणा आणि पक्का: प्रत्येक साइटने बाहेर फक्त स्वतःचे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) सांगावेत, आणि तो फिल्टर टेम्प्लेटमध्येच असावा. सगळ्या साइटना एकच खासगी एएस नंबर (बीजीपीतली नेटवर्कची ओळख) दिला आणि प्रोव्हायडरने एएस-ओव्हरराइड लावलं (साइटच्या नंबराजागी स्वतःचा घातला), तर बीजीपीची लूप (रूट फिरून परत येणं) ओळखायची खूणच पुसली जाते. तिथे साइट-ऑफ-ओरिजिनचं (रूट कुठल्या साइटचा ते सांगणारं) लेबल मागून घ्यावं.

प्रोव्हायडर वेगळे का हवेत, याचं उत्तर तारांपेक्षाही जास्त त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कच्या गाभ्यात बदल करताना एक फिल्टर काढला गेला, रूटचा पूर आला आणि एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. देशभरातले डेबिट व्यवहार चालवणारी इंटरॅकही त्यांच्याबरोबर थांबली, कारण तिचा आधार तिथेच होता. रॉजर्सच्या अभियंत्यांना स्वतःच्या राऊटरपर्यंत पोचता येईना. व्यवस्थापनाचं नेटवर्क त्याच गाभ्यावर उभं होतं. प्रत्येक मोठ्या साइटवर कन्सोल सर्व्हर (नेटवर्क बंद असतानाही राऊटरपर्यंत पोचवणारं यंत्र) आणि त्यात तिसऱ्याच कंपनीचं सिम, हा खर्च फार किरकोळ आहे.

३० ऑगस्ट २०२० ला सेंच्युरीलिंकमध्ये झालं ते याहून विचित्र. एका चुकीच्या फ्लोस्पेक (वाहतूक गाळण्याचे नियम राऊटरना पोचवणारी पद्धत) नियमाने त्यांचं स्वतःचं बीजीपी अडवलं. ग्राहकांनी आपलं सेशन बंद केलं तरी त्यांचे प्रीफिक्स तिकडून जाहीर होतच राहिले, आणि लिंक तोडूनही वाहतूक त्याच बंद दाराशी जात राहिली. अशा वेळी ज्याच्याकडे /२३ (५१२ पत्त्यांचा गट) आहे तो दुसऱ्या प्रोव्हायडरमधून दोन /२४ (त्याचेच दोन अर्धे) जाहीर करून वाहतूक खेचून घेऊ शकतो, कारण राऊटर लहान तुकड्याचा रूट आधी धरतात. ज्याच्याकडे एकच /२४ आहे त्याच्याकडे ही युक्ती नाही, कारण त्याहून लहान तुकडा इंटरनेटवर कुणी घेत नाही. पत्त्यांची आखणी करताना याचा विचार कुणी करत नाही.

क्यूओएसमध्ये (कुठल्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचं ते ठरवण्यात) दोन प्रोव्हायडर म्हणजे दोन बोलीभाषा. एकाकडे सहा वर्ग, दुसऱ्याकडे चार. व्हॉइसचं डीएससीपी ४६ (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) दोघांना कळतं. व्हिडिओचं ३४ एकाकडे स्वतंत्र वर्गात जातं, दुसऱ्याकडे डेटाच्या गर्दीत. मधे तिसऱ्या ऑपरेटरची लास्ट माइल असेल तर खुणा पुसल्याही जातात. प्रोव्हायडरनिहाय तक्ता करून तो बाहेर पडणाऱ्या पोर्टवर लावावा आणि दुसऱ्या टोकाला पॅकेट पकडून खूण टिकली का पाहावं. खरा घात होतो आकारात. जी.७११ या आवाजाच्या कोडिंगचा एक कॉल आयपीवर ८० केबीपीएस घेतो; केशरी लिंकवर व्हॉइसचा वर्ग दहा एमबीपीएसचा घेतला असेल तर त्यात सव्वाशे कॉल मावतात. निळी पडली आणि दोनशे कॉल तिकडे आले, तर लिंक अर्धी रिकामी असतानाही जादाची पॅकेट फेकली जातात. त्यात कुठले कॉल वाचतील हे ठरत नाही, सगळेच तुटक होतात.

कायद्याचा भाग थोडक्यात. चीनमधून बाहेर जाणारी खासगी लिंक तिथल्या तीन सरकारी ऑपरेटरांमार्फतच मिळते, कुठल्याही जागतिक कंपनीचं बिल असलं तरी. भारतात बीपीओंसाठीचे नियम नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये बरेच सैल झाले, तरी टोल बायपास (टेलिकॉम कंपनीचं फोनचं जाळं टाळून कॉल खासगी लिंकने नेणं) चालत नाही. कॉल कुठून कुठे वळतो हे फेलओव्हरच्या मार्गासह कायदा विभागाला दाखवून घ्यावं.

सेवेच्या हमीबद्दल फार आशा ठेवू नये. आठ तास लिंक बंद राहिली तर महिन्याच्या भाड्याचा काही अंश परत मिळतो, तोही मागितला तर. त्यापेक्षा आरएफओ (बिघाडाच्या कारणाचा अहवाल) आठवड्याच्या आत लेखी मिळावा हे कलम कामाचं. वर्षभराचे आरएफओ एकत्र वाचले की दोन प्रोव्हायडरच्या कागदांवर एकाच तारखेचा, एकाच चौकातला खड्डा सापडतो.

शेवटी ड्रिल. तिमाहीतून एकदा, ठरलेल्या रविवारी, प्रत्येक मोठ्या साइटची निळी लिंक तोडायची. नुसतं पोर्ट बंद केलं तर सगळ्यात सोपी परीक्षा झाली, कारण खरे बिघाड असे सभ्य नसतात. एकदा पोर्ट, एकदा सेशन उभं ठेवून फक्त वाहतूक अडवायची, एकदा तीन टक्के लॉस घालायचा. दरवेळी काहीतरी निघतं: डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणारा) दुसरा सर्व्हरही निळ्याच बाजूला, अलार्मचे मेल निळ्यातूनच जाणारे, जाताना केशरी आणि येताना निळी वाट धरल्यामुळे फायरवॉलने तोडलेली कनेक्शन्स. दोन्ही लिंक सत्तर टक्के भरलेल्या असतील तर तेही त्याच दिवशी कळतं. एकशे चाळीस शंभरात मावत नाही, म्हणून कुणाला थांबवायचं ते आधी ठरवून लिहून ठेवावं. आणि लिंक परत जोडल्यावर वाहतूक लगेच माघारी नेऊ नये. दहा-पंधरा मिनिटं प्रोब स्वच्छ येऊ द्यावेत. स्प्लायसिंग चालू असताना तार दोन-तीनदा उभी राहून पडते, आणि दरवेळी तिच्यामागे धावणारं नेटवर्क चालू कॉल पुन्हा पुन्हा तोडतं.